अंगणांतील जुनी जीप

गेल्या दिवाळीच्या सुटींत ओतूरकडील एका विद्यार्थ्याच्या घरीं जाण्याचा योग आला. अंगणांत पाऊल टाकतांच दृष्टीस पडली ती एक जुनी जीपगाडी. तिचें बॉनेट काढून गोठ्याच्या भिंतीस टेकविलें होतें, चारहि चाकें एकावर एक रचून ठेवलीं होतीं, आणि उरलेला सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर उभा होता. दहावीच्या वर्गांतील आमचा विद्यार्थी व त्याचे धाकटे चुलते कोपरापर्यंत काळे झालेले हात घेऊन तिच्यापाशीं बसले होते. ओसरीवर खाट टाकून आजोबा हा सर्व प्रकार पाहत होते.

मला पाहतांच मुलाचे वडील पुढें आले व म्हणाले, "सर, बरें झालें आलांत. आतां तुम्हीच ह्याला दोन शब्द सांगा. परीक्षा तोंडावर आली आणि हा दिवसभर ह्या भंगारांत डोकें घालून बसतो. भंगारवाला दोनदां येऊन गेला. वजनावर घ्यायला तयार आहे."

ते दोन शब्द मीं त्या दिवशीं सांगितले नाहींत. चपला काढल्या आणि मीहि त्या सांगाड्यापाशीं तासभर बसलों. त्यानंतर त्या घरीं मी आणखी तीन वेळां गेलों. तेथें जें पाहिलें, आणि ज्यावरून आमच्यांत थोडा वादहि झाला, तें आपल्या शाळेच्या विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

जुन्या अमेरिकन मोटारी घरच्या घरीं खोलून पुन्हां चालत्या करणें, किंवा त्यांत मनाजोगे फेरफार करणें, हा छंद जगांत पुष्कळ ठिकाणीं आहे. आपल्या देशांतहि तो नवा नव्हे. दिल्लीस स्टेट्समन वृत्तपत्रानें 1964 सालापासून जुन्या मोटारींची फेरी चालू केली. मुंबईंतहि अशा फेऱ्या निघतात, आणि चकचकीत ब्यूक व शेव्हरोले गाड्या पाहण्यास रस्त्याच्या कडेला गर्दी जमते. मुंबईस ह्या गाड्यांचें माहेरच म्हणावें लागेल. जनरल मोटर्स कंपनीनें 1928 सालीं शिवडी येथें शेव्हरोले गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता; आणि शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं 1944 सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें डॉज व प्लिमथ गाड्या तयार होऊं लागल्या. परंतु आपल्या जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत ब्यूक कोणाच्या अंगणांत असणार? शेतकऱ्याच्या अंगणांतील जुनी अमेरिकन मोटार म्हणजे जीप.

ह्या जीपची जन्मकथा जाणून घेण्यासारखी आहे. 1940 सालीं अमेरिकेच्या सैन्यास हलकी, चारहि चाकांना शक्ति पोंचविणारी आणि वाट नसेल तेथूनहि जाणारी गाडी हवी होती. बँटम नांवाच्या एका लहान कंपनीनें पहिला नमुना करून दिला. पुढें विलिस व फोर्ड ह्या दोन कंपन्यांनीं मिळून 1945 पर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. युद्ध संपण्याच्या सुमारास विलिस कंपनीनें शेतकऱ्यांसाठीं मुलकी जीप काढली. इकडे 1945 सालीं स्थापन झालेल्या व पुढें महिंद्रा अँड महिंद्रा ह्या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास ह्या विलिस जीपचे भाग अमेरिकेहून आणवून मुंबईंत त्या जोडण्यास आरंभ केला, आणि कालांतरानें सबंध गाडी येथेंच घडूं लागली. म्हणजे जीप ही जन्मानें अमेरिकन खरी, पण आपल्याकडे नांदून ती इकडचीच झाली.

1 जून 1948 रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, अशी पहिली एस.टी. धांवली. पुढें ती आपल्याहि गांवोगांवीं आली. परंतु पावसाळ्यांत ओढे फुगले आणि घाटमाथ्याकडील वाट चिखलांत बुडाली म्हणजे आहुप्याकडील किंवा नाणेघाटाकडील वाड्यांपर्यंत जी जाऊन परत येई ती जीपच. आमच्या विद्यार्थ्याच्या आजोबांनीं ही जीप पन्नास वर्षांपूर्वीं एका लिलावांत घेतली. तिच्यांतून कांदा बाजारांत गेला, नवऱ्यामुलाची वरात निघाली, लेण्याद्रीचे यात्रेकरू आले. आणि अडलेल्या बायांना रात्रीबेरात्रीं जुन्नरच्या दवाखान्यांत पोंचविण्याचें कामहि तिनें किती वेळां केलें ह्याची मोजदाद नाहीं. माणसें अधिक बसावीं म्हणून आजोबांनीं मागें दोन लाकडी बाकें गांवच्या सुताराकडून करून बसविलीं होतीं. पुढें तिची नोंदणी संपली, आजोबांची दृष्टि मंदावली, आणि बारा वर्षें ती गोठ्याच्या कडेला उभी राहिली.

आतां प्रथम वडिलांच्या तक्रारीचा विचार करूं. हा वेळेचा अपव्यय आहे काय?

मीं जें पाहिलें तें असें. मुलानें काढलेला प्रत्येक भाग डिझेलमध्यें धुऊन, पुसून, जुन्या डब्यांत ठेविला होता, आणि डब्यावर चिठ्ठी लाविली होती. कोणता भाग कोठून निघाला ह्याचीं चित्रें त्यानें मोबाइलवर घेतलीं होतीं, शिवाय एका वहींत क्रमहि लिहिला होता. ही वही आमच्याकडे दिलेल्या त्याच्या प्रयोगवहीपेक्षां अधिक नीटनेटकी होती, हें मला कांहींशा लाजेनें कबूल केलें पाहिजे. मीं विचारलें, "ह्या गाडीचें बॉनेट इतकें उंच कां?" तो म्हणाला, "सर, हिच्या एंजिनांत आंत घेणाऱ्या झडपा वरच्या बाजूस आहेत आणि धूर सोडणाऱ्या झडपा बाजूला खालीं आहेत. त्यामुळें एंजिन उंच झालें, म्हणून बॉनेटहि उंच करावें लागलें." उत्तर अगदीं बरोबर होतें. मग तो ब्रेकची नळी दाखवून म्हणाला, "आणि पायानें एका जागीं दाबलें तरी तो दाब चारहि चाकांपर्यंत कसा पोंचतो तें मला आतां कळलें." सहामाही परीक्षेंत ह्याच मुलानें पास्कलचा नियम अर्धवट लिहिला होता. फळ्यावर आकृति काढून जें मला त्याच्या गळीं उतरवितां आलें नाहीं, तें गंजलेल्या एका नळीनें उतरविलें.

पालकांस माझें सांगणें असें कीं, ह्या गोष्टीस भंगारांत डोकें घालणें म्हणूं नका. आपल्या समाजांत एक जुनें दुखणें आहे. ज्याचे हात काळे तो कमी शिकलेला, आणि ज्याचे हात स्वच्छ तो विद्वान, अशी आपली समजूत आहे. मुलगा एंजिनियर व्हावा असें प्रत्येक बापास वाटतें. परंतु त्यानें हातांत पाना धरला कीं घरांत सुतक पडतें. चार वर्षें एंजिनियरिंगचा अभ्यास करून ज्यानें एकहि नट सैल केला नाहीं असे पदवीधर मीं पाहिले आहेत, आणि आवाजावरून एंजिनाचें दुखणें सांगणारे मेस्त्रीहि पाहिले आहेत. दोघांची विद्या एका माणसांत आली तर किती बरें होईल! ती येण्याची वाट अशा अंगणांतूनच जाते. मात्र अभ्यासाचे तास ठरलेले असावेत आणि ते पाळले जावेत. त्या घरीं सायंकाळी सहानंतर पान्यांस हात लावावयाचा नाहीं असा नियम मीं करून दिला, व मुलानें तो पाळला.

येथवर मी मुलाच्या बाजूचा होतों. पण दुसऱ्या भेटींत आमचा वाद झाला, आणि तो दोन गोष्टींवरून झाला.

पहिली गोष्ट चुलत्यांच्या मनांतली. त्यांनीं मोबाइलवर लढाईंतील जीपांचीं चित्रें पाहिलीं होतीं. गाडीस सैनिकी हिरवा रंग द्यावयाचा, बॉनेटवर अमेरिकन सैन्याचा पांढरा तारा काढावयाचा, बाजूस कसलासा आंकडा घालावयाचा, आणि तीं लाकडी बाकें काढून जाळावयाचीं, असा त्यांचा बेत होता. "सर, लोक बघतच राहतील," असें ते म्हणाले.

मीं त्यांस गाडीच्या तोंडाकडे पाहण्यास सांगितलें. लढाईंतल्या जीपच्या दर्शनी जाळींत नऊ फटी असत; ह्या गाडीस सात आहेत. उंच बॉनेटची ही तऱ्हा विलिस कंपनीनें 1953 सालीं काढली, म्हणजे लढाई संपून आठ वर्षें झाल्यावर. तुमच्या नोंदणीपुस्तकांत हिचें साल 1967 लिहिलेलें आहे. तेव्हां हा तारा कोणत्या लढाईचा?

चुलते कांहीं बोलले नाहींत. ओसरीवरून आजोबा म्हणाले, "मास्तर, माझी गाडी कधी लढाईला गेली न्हाय. तिच्या छातीवर खोटा बिल्ला कशाला? तिनं बाळंतिणी नेल्यात, ते काय कमी हाय?"

ह्या एका वाक्यांत जुनी गाडी सांभाळण्याचें सारें शास्त्र आलें असें मला वाटतें. जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार करणें म्हणजे ती मुळांत जशी होती व जशी जगली तशी तिला पुन्हां उभी करणें. तिला दुसऱ्याच कोणाचा वेष चढविणें हा जीर्णोद्धार नव्हे. शिवनेरीच्या ढासळलेल्या भिंतीस कोणी संगमरवर लावला तर आपणांस तें खपेल काय? आणि तीं बाकें मूळ कारखान्याचीं नव्हतीं हें खरें. पण तीं गरजेनें बसविलेलीं होतीं व त्या गाडीच्या आयुष्याचा भाग झालीं होतीं. क्यूबा बेटांत 1960 च्या सुमारास अमेरिकेशीं व्यापार तुटला व नव्या अमेरिकन मोटारी येईनाशा झाल्या. तेथील लोकांनीं त्यापूर्वींच्या गाड्या मिळेल त्या भागांनीं, कधीं रशियन एंजिनें बसवूनहि, चालत्या ठेविल्या. त्या गाड्या आतां मूळच्यासारख्या राहिल्या नाहींत; पण त्या खोट्याहि नाहींत. गरजेनें उघडपणें केलेला फेरफार आणि मिरविण्यासाठीं केलेली बतावणी ह्यांत एवढें अंतर आहे.

शिवाय कायदाहि ह्या बाबतींत आजोबांच्याच बाजूचा आहे. 1989 च्या मोटार वाहन नियमांप्रमाणें सैनिकी हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठींच राखून ठेवलेला आहे. इतरांनीं तो द्यावयाचा नाहीं. हें ऐकून चुलत्यांनीं रंगाचा डबा परत करण्याचें मान्य केलें.

दुसरी गोष्ट मुलाच्या मनांतली, आणि ती अधिक गंभीर. त्यास गाडीस रुंद व मोठीं चाकें लावावयाचीं होतीं, पाटे वाढवून ती वीतभर उंच करावयाची होती, आणि दूरवर ऐकूं जाईल असा हॉर्न बसवावयाचा होता. त्यासाठीं त्यानें पैसेहि सांठविले होते. ब्रेकचें काम मात्र "मग करूं" म्हणून मागें ठेविलें होतें.

मीं त्यास वही घेण्यास सांगितलें व आम्ही अंगणांतच गणित मांडलें. ह्या गाडीच्या मूळ चाकाचा व्यास सुमारें 28 इंच. त्याच्या मनांतील चाकाचा 32 इंच. वेगदर्शक कांट्यास चाकाचा आकार कळत नाहीं. तो फेरे मोजतो. म्हणजे कांटा 60 दाखवील तेव्हां गाडी 68 च्या वर धांवत असेल. धांवत्या वस्तूंतील शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते हें त्यानें नववींत शिकलेलें होतें. तेव्हां कांटा तोच दिसत असतां ब्रेकांस सुमारें तीस टक्के अधिक शक्ति जिरवावी लागेल. शिवाय चाक मोठें झाल्यामुळें त्याच ब्रेकची पकड जमिनीपाशीं कमी पडेल. गाडी उंच केल्यानें तिचा गुरुत्वमध्य वर जाईल व वळणावर ती कलंडण्याचें भय वाढेल. आणि ह्या जुन्या जीपला ब्रेकचा एकच मार्ग आहे. आतांच्या गाड्यांत दोन असतात, एक फुटला तरी दुसरा राहतो. हिची एक नळी फुटली कीं चारहि चाकांचे ब्रेक गेले.

मुलगा म्हणाला, "सर, मी सांभाळून चालवीन." तेव्हां मीं त्यास एक जुनी हकीगत सांगितली. ती येथेंहि सांगतों.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं मी कॉलेजांत शिकत होतों. सुटीस घरीं येतांना एका घाटाच्या उतारावरून आम्ही भाड्याच्या जीपनें येत होतों. आंत चौदा माणसें होतीं. गाडी मोठी देखणी. नवा रंग, पुढें चार दिवे, आरशांस गोंडे, गाणें म्हणणारा हॉर्न. माझा एक वर्गमित्र जागा नाहीं म्हणून मागच्या पायरीवर उभा होता. मध्येंच ब्रेक लागेनासा झाला. चालकानें प्रसंगावधान राखून गाडी डोंगराच्या अंगास घांसत नेली, म्हणून आम्ही दरींत गेलों नाहीं. पण माझ्या मित्राचा पाय गाडी व दरड ह्यांत सांपडला आणि तो गुडघ्याखालीं कापावा लागला. दुसऱ्या दिवशीं मेस्त्रीनें गंजून फुटलेली ब्रेकची नळी दाखविली. त्या एका हॉर्नच्या किंमतींत तशा कितीतरी नळ्या आल्या असत्या. चालक रडत होता. तो दुष्ट मनुष्य नव्हता. त्यास गाडीची फार हौस होती, आणि ती सारी त्यानें डोळ्यांस दिसेल तेथें खर्च केली होती. नारायणगांवच्या तमासगिरांची क्षमा मागून म्हणतों, वरून कीर्तन आंतून तमाशा ही म्हण त्या गाडीस तंतोतंत लागू पडत होती.

मित्रहो, फेरफार करणाऱ्यांचा मी सरसकट द्वेष करीत नाहीं. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांत 1930 नंतरच्या काळांत तरुण मुलें जुन्या फोर्ड गाड्यांचे जड भाग काढून, एंजिनांत सुधारणा करून, त्या वाळलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर पळवीत असत. त्यांतून पुष्कळ यंत्रकौशल्य निर्माण झालें. परंतु हींच मुलें रहदारीच्या रस्त्यांवर शर्यती लावूं लागलीं तेव्हां लोक त्यांस वैतागले. मग त्यांच्यांतल्याच शहाण्या लोकांनीं प्रथम 1937 सालीं व पुन्हां 1951 सालीं संघ स्थापून गाडीच्या तपासणीचे व शर्यतीच्या जागेचे नियम घातले, आणि त्यामुळेंच तो छंद टिकला. आपल्याकडील बैलगाडा शर्यतींचें उदाहरण तर घरचेंच आहे. 2014 सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या बंद केल्या. 2021 सालीं अटी घालून त्यांस परवानगी मिळाली, व 2023 सालीं तो कायदा न्यायालयानें कायम केला. नाद कितीहि जुना व प्रिय असो, दुसऱ्याच्या जिवाची काळजी घेणारा नियम पाळल्याखेरीज तो फार काळ चालत नाहीं.

मोटारीच्या बाबतींत हे नियम पालकांनीं नीट समजून घ्यावे. नोंदणीपुस्तकांत लिहिलेल्या व कारखान्यानें ठरविलेल्या मूळ स्वरूपाविरुद्ध गाडींत फेरफार करतां येत नाहीं, असें 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम सांगतें, आणि 2019 सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तें स्पष्ट केलें आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते व पुढें दर पांच वर्षांस तपासणी करवून ती वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुनी व चासी, सांगाडा आणि एंजिन ह्यांत मोठा बदल न झालेली गाडी असल्यास 2021 च्या नियमांप्रमाणें तिची पुराणवाहन म्हणून निराळी नोंदणी होते व तिच्या क्रमांकांत व्ही.ए. हीं अक्षरें येतात. परंतु अशी गाडी प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कामापुरतीच रस्त्यावर आणतां येते, रोजच्या वापरास नव्हे. आजोबांस गाडी शेतावर नेण्याची इच्छा असल्यानें त्या घरानें साधी नोंदणीच पुढें चालविण्याचें ठरविलें. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं मोटार देऊं नये. त्याच्या हातून गुन्हा घडल्यास 2019 च्या दुरुस्तीप्रमाणें पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊं शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. मुलानें गाडी दुरुस्त केली म्हणून ती चालविण्याचा हक्क त्यास मिळत नाहीं.

घरीं असें काम काढणाऱ्यांसाठीं चार व्यावहारिक गोष्टीहि सांगतों. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीं जाऊं नये. भक्कम ठोकळे किंवा घोड्या लावल्यावरच जावें. जुन्या ब्रेकच्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ फुंकून उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. जुना रंग खरवडतांना त्यांत शिसें असण्याचा संभव धरून नाकातोंडास मुखपट्टी बांधावी. पेट्रोलनें हात धुऊं नयेत, व जेथें बॅटरी भरली जाते तेथें विस्तव नेऊं नये. वेल्डिंग व ब्रेक हीं कामें जाणत्या मेस्त्रीच्या देखरेखीखालींच करावीं. सुटे भाग पुण्याच्या जुन्या बाजारांत पुष्कळ मिळतात; मात्र ब्रेकचा कोणताहि भाग जुना घेऊं नये. खर्चाचा आंकडा आधीं कागदावर मांडावा व घरच्या कर्त्या माणसास दाखवावा. हौसेस मोल नसतें असें म्हणतात, पण कर्ज काढून केलेल्या हौसेचें मोल सबंध घर फेडीत बसतें.

शेवटीं त्या गाडीचें काय झालें तें सांगतों. चाकांसाठीं सांठविलेल्या पैशांतून ब्रेकच्या सर्व नळ्या, मास्टर सिलिंडर व चारहि चाकांचे लायनर नवे आले. चाकें मूळ मापाचींच राहिलीं. बाकें सुताराच्या नातवाकडून पुन्हां घट्ट करून घेतलीं. जानेवारीच्या अखेरीस एका रविवारीं सकाळीं गाडी प्रथम चालू झाली, त्या वेळीं मी तेथें होतों. रस्त्यावर न आणतां ती मागच्या मोकळ्या शेतांत नेली. चुलते चालवीत होते, आजोबा त्यांच्या शेजारीं बसले होते, आणि मुलगा पायींच बाजूनें चालत प्रत्येक थांबण्याचें अंतर पावलांनीं मोजून वहींत लिहीत होता. दहा वेळां ब्रेक लावला. दहाहि वेळां गाडी सरळ उभी राहिली. मग मुलाचे वडील, जे इतका वेळ बांधावर हाताची घडी घालून उभे होते, ते मागच्या बाकावर येऊन बसले. कोणी कांहीं बोललें नाहीं.

गाडीस अजून रंग दिलेला नाहीं. तांबड्या अस्तरांतच ती उभी आहे, कारण रंग परीक्षेनंतर द्यावयाचा असें ठरलें आहे. हा अंक आपल्या हातीं पडेल तेव्हां परीक्षेचा निकाल लागलेला नसेल, म्हणून त्याविषयीं मी कांहीं भाकीत करीत नाहीं. परंतु ज्या मुलानें लोकांस दिसणाऱ्या चाकांपेक्षां कोणास न दिसणाऱ्या नळीवर आपले पैसे खर्च केले, त्याच्याविषयीं मला फारशी चिंता वाटत नाहीं. आपल्या तालुक्यांत अशा कित्येक जीपा गोठ्याच्या कडेला गंजत उभ्या असतील. त्यांपैकीं एखादी आपल्या घरीं असेल, तर भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं एकदां घरांतील वडील माणसांस तिची हकीगत विचारावी, आणि मुलांनीं ती वहींत लिहून घ्यावी. पाना त्यानंतर हातीं घेतला तरी चालेल.